पहिल्या अखाजीची घागर

"वयनी, त्या घागरीले हात नोका लावू!" उकंडराव दारातूनच ओरडले.

झुंबरबाईंचा हात झाकणीवरच थबकला. आत खाटेवर सून रुख्मिणी तापाने फणफणत होती. भर दुपारी सरपणाची मोळी घेऊन आली आणि ऊन लागून अंगणातच कोसळली. पितळी हंड्यातलं पाणी तोंडाला लावलं, तर तिने ते थुंकून टाकलं. पाणी कसलं, आधणच होतं ते.

जुना माठ होता, पण निबर झालेला. त्याची छिद्रं बुजली होती, आणि ज्या माठाला घाम सुटत नाही त्यातलं पाणी कसलं गार होतंय! देऊळघाटात घरोघर हीच गत. नवी मातीची घागर चैत्रातच यायची, वाळूवर बसवून, पाणी बदलत मुरवायची. पण अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, पितरांच्या नावाने तिच्यातलं पाणी सोडल्याशिवाय कोणी ओठ लावायचा नाही. म्हणजे ऐन उन्हाच्या तडाख्यात मेलेल्यांसाठी गारवा राखायचा आणि जित्यांनी कोमट पिऊन पुण्य जोडायचं. आजवर झुंबरबाईंनीही ते मुकाट्याने जोडलं होतं.

यंदाची घागर त्यांच्या नवऱ्याची होती. रामराव दिवाळीनंतर गेले, ही त्यांची पहिली अखाजी. मुलगा तेव्हाच्या नागपूर सरकारच्या पोलिसात, अमरावतीला. त्याला रजा मिळाली नाही. पाणी पुरुषानेच सोडायचं, म्हणून बसणार होते धाकटे दीर उकंडराव.

"पोरगी तडफडून राह्यली, भाऊजी. दिसत नाही काय?"

"दिसते ना. हंड्यातलं पाजा. घागर उष्टी झाली तं दादा दारातून ताहानेला परत जाईन!"

"ते थांबतीन. जन्मभर माह्यासाठी कधी थांबले नाही, आज सुनेसाठी थांबतीन."

"मंग मी पानी सोडाले बसत नाही, सांगून ठेवतो! कोन बसते ते पाहू."

खोटं कशाला सांगा, झुंबरबाई घाबरल्या. नवरा ताहानेला परत जाईल हे त्यांनाही खरंच वाटत होतं. पण आतून रुख्मिणी कण्हली, "आत्याबाई, पानी..." आणि झुंबरबाईंनी झाकणी उचलून बाजूला आपटली.

"नोका बसू!"

त्यांनी घागरीत तांब्या बुडवला. सुनेचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजलं, धडपा भिजवून कपाळावर ठेवला, सुकला की पुन्हा भिजवला. घागर निम्मी रिकामी झाली तेव्हा कुठे, दिवस कलताना, पोरीने डोळे उघडले.

उकंडराव शब्दाचे पक्के. अखाजीला ते समोर आपल्या ओट्यावर पाय सोडून बसून राहिले. बाई आता काय करते ते बघायला शेजारपाजारही गोळा झाला. झुंबरबाईंनी तीच घागर काठोकाठ भरली, तोंडावर डांगराचं फळ ठेवलं, पुढ्यात पत्रावळ वाढली आणि पाटावर स्वतःच बसल्या. रुख्मिणी अशक्त पायांनी येऊन भिंतीला टेकली.

पाणी सोडायचं तर गेलेल्याचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं. आणि झुंबरबाईंनी नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. पुढे अख्ख्या संसारात कधी जिभेवर आणलं नव्हतं.

"घ्या आता नाव!" ओट्यावरून उकंडराव हसले.

झुंबरबाईंनी ओंजळीत पाणी घेतलं.

"रामराव," त्या म्हणाल्या. आवाज पाटापलीकडे गेला नाही. त्यांनी मान वर केली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "रामराव! या. पानी गार हाये. तुमच्या सुनेनं आंधी पेलं, मंग तुमच्यासाठी भरलं."

कोणी हसलं नाही. ओंजळीतलं पाणी तापल्या अंगणाने घटकेत पिऊन टाकलं. झुंबरबाईंनी पदराने डोळे पुसले आणि दुसरी ओंजळ भरली.