बाबासो दर गुरुवारी टाइप करतात

बाबासो वारले, आणि त्यानंतर हुपरीत त्यांना भेटायला जेवढी माणसं आली तेवढी जिवंतपणी कधी आली नव्हती. गुरुवार उजाडला की त्यांच्या पैंजणांच्या कारखान्यापुढं चपलांचा असा ढीग पडायचा, की परतताना एकेकजण एक पाय आपला नि एक पाय पावण्याचा घालून घरी जाई. कोल्हापूरची एसटी थांब्यावर रिकामी व्हायची. पत्र्यावरचे कावळेसुद्धा म्हणे त्या दिवशी पिंडाकडं न बघता खिडकीतनं संगणकाच्या पडद्याकडं बघत बसायचे. कावळ्यांचं खोटं असेल. माणसांचं खरं आहे.

कारण पडद्यावर अक्षरं उमटायची. कळफलक नसताना!

चांदीवर नक्षी कोरणाऱ्या यंत्राचा तो संगणक पाटावर बसवलेला. डब्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि चारी बाजूंनी अभिमंत्रित दोऱ्याची मोहोर, वर चिठ्ठी: ‘उघडाल तर आत्मा खवळेल.’ कळफलक गुरुवारपुरता उपटून देव्हाऱ्यात ठेवलेला, सगळ्यांना दिसेल असा. समोर बिजलीनाथ महाराज. कपाळभर भस्म, आणि उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपाची माळ झाकायच्या कापडी पिशवीत.

“आत्मा म्हंजे काय? करंट!” महाराज गरजायचे. “देह म्हंजे काय? नुसती बॉडी! बॉडी जळली, करंट जळतो व्हय? स्वर्गात फुल रेंज हाय, बाळांनो. रिचार्ज तेवढा श्रद्धेचा मारायचा!”

मग अक्षरं यायची. *तानी, मी आलोय.* बाबासोंची बायको तानाबाई पदर तोंडात कोंबून हुंदका द्यायची. *कारखाना विजयसिंहला द्या.* थोरला विजयसिंह डोळे पुसायचा. *धाकट्या सुनेला माहेरी धाडा.* सगळी गर्दी वळून दारातल्या वर्षाराणीकडं बघायची. आणि महाराज ‘अलख!’ म्हणून डाव्या हातानं बटण बंद करायचे. आत्मा गेला की यंत्रानंही देह ठेवला पाहिजे, असा त्यांचा नियम होता.

धाकटी सून म्हणजे ही वर्षाराणी. ते यंत्र तिनंच आणवलं, तिनंच चालवलं, आणि बाबासोंनी हयातीतच कारखान्याच्या किल्ल्या तिच्या हाती दिल्या. आता अमावास्येनंतरच्या गुरुवारी त्या विजयसिंहकडं जायच्या होत्या. नवरा पृथ्वीराज मवाळ, विचारलं की म्हणायचा, “बघू की.” तिचं मात्र कशात लक्ष लागेना. भाकरी थापता थापता उठायची, संगणकाभोवती एक फेरी मारून यायची, तोवर तव्यावर कोळसा झालेला असायचा. गंमत म्हणजे सासरे फक्त गुरुवारी यायचे. बाकी दिवस ऑर्डरी काढायला तोच संगणक मोकळा!

शेजारच्या, चांदीच्या दागिन्यांचे ठसे करणाऱ्या कृष्णातनं भर सभेत डब्याच्या मागं डोकं घालून बघितलं होतं. “मागं काय न्हाय! माउस नि पडद्याची वायर. बाकी भोकं रिकामी.” त्या दिवसापासून तो महाराजांचा पक्का साक्षीदार झाला.

वर्षाराणीनं शेवटी कोल्हापूरच्या शाहूपुरीत फोन लावला. तिथं तिची कॉलेजातली मैत्रीण संघप्रिया राहायची. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा असतो, कर्नेल, त्याचे ड्रायव्हर, म्हणजे जोडलेल्या वस्तूंशी बोलणारे प्रोग्राम, लिहायचं काम घरून करायची.

“संघे, मला येड लागंल. सासरा टाइप करतोय.”

“आमच्या घरात असा कुणी आला असता तर आधी चहा विचारला असता. गप. आलो मी.”

आल्या आल्या तिनं दोऱ्याकडं बघितलं. वर्षाराणी म्हणाली, “कात्री आणू?”

“आणि आत काय घावलं तर काय म्हणतील? तूच घातलंस म्हणतील. हे सगळ्यांसमोर झालं पायजे.” संघप्रिया मांडी घालून बसली. “हे बघ. कळफलक दाबला की खबर ड्रायव्हरकडं येते. त्याला पक्कं ठाऊक असतं खबर कुठल्या यूएसबी पोर्टातनं, म्हंजे कुठल्या भोकातनं आली. पण तो बोलत न्हाय. आणि तुझा म्हाराज बटण मारतो, म्हंजे ताजी आठवण तिथंच पुसली. म्हणून ह्याला शिकवायचं: जे दिसंल ते त्याच क्षणाला, मरायच्या आधी, दुसऱ्या यंत्राला सांगायचं.”

त्यासाठी तिच्याकडं एक डीबगची, म्हणजे यंत्राच्या आतलं बोलणं बाहेर काढायची, केबल होती. एक टोक ह्या संगणकात, दुसरं तिच्या लॅपटॉपात. पुढच्या गुरुवारी वायर झेंडूच्या माळेआडून शेजारच्या खोलीत नेली. अक्षरं उमटली, तानाबाई रडली, बटण बंद झालं. लॅपटॉपवर मात्र ठार अंधार. एक टिंबसुद्धा नाही.

“मेलो,” वर्षाराणी म्हणाली.

“आत्म्यानं न्हाय मारलं. हा बोर्ड जुना. गाभ्यातला डीबगचा ड्रायव्हर ह्याचा यूएसबी कंट्रोलर ओळखतच न्हाय. ओळख करून द्यावी लागंल.”

ती ओळख करून देण्यात आठवडा गेला. संघप्रिया कोड बदलायची, नवा गाभा बसवायची, यंत्र पुन्हा चालू करायची. कधी ते उठायचंच नाही, आणि वर्षाराणीला वाटायचं, आता ‘सुनेनं सासऱ्याला दुसऱ्यांदा मारलं’ असं गावभर होणार! बुधवारी दुपारी लॅपटॉपवर पहिली ओळ आली. वर्षाराणीनं माउस हलवला. लॅपटॉपनं सांगितलं, ‘मागचं पोर्ट, माउस.’ ती इतकी हसली की पृथ्वीराज घाबरून भस्म शोधायला गेला.

गुरुवारी किल्ल्यांचा जुडगा चांदीच्या ताटात ठेवून तानाबाई बसली. महाराजांनी करंट, बॉडी, रेंज सगळं आळवलं. पडदा उजळला. आणि शेजारच्या खोलीतनं संघप्रियाचा खणखणीत आवाज आला:

“टी दाबला. ए दाबला. एन दाबला. आय दाबला.”

पडद्यावर उमटलं: *तानी*.

गर्दीनं माना शेजारच्या खोलीकडं वळवल्या. पडदा पुढं सरकला, आवाज पुढं सरकला. “के. आय. एल. चुकलं, एक अक्षर खोडलं. परत एल.” *किल्ल्या* असं उमटता उमटता अक्षरं थांबली. संघप्रियाही थांबली.

“कोण ती बया?” महाराज ओरडले. “समाधी मोडली!”

संघप्रिया लॅपटॉप घेऊन दारात आली. “हे संगणकच सांगतोय, म्हाराज. एक बिनतारी कळफलक चालू हाय. त्याचा रिसीव्हर मागच्या भोकात न्हाय, डब्याच्या आत, बोर्डाच्या पोर्टात हाय. आणि दाबणारा इंग्लिश अक्षरं दाबतोय. मराठी संगणक करतोय.”

विजयसिंह उठला. “बंद करा हा तमाशा! म्हाराज, बटण मारा.”

पण तानाबाईचा हात आडवा आला होता. “थांबा. ह्यास्नी मराठी सही करताना घाम फुटायचा. इंग्लिश कवा शिकले? मेल्यावर कॉन्वेंटात घातलं व्हय त्यास्नी?” कुणीतरी फिस्सकन हसलं. तिला मात्र हसू आलं नव्हतं. “वर्षा, तो दोरा काप.”

वर्षाराणीनं चारी बाजूंचा दोरा कापला. झाकण निघालं. आत बोर्डाला चिकटलेलं, नखाएवढं काळं बोंडुक, तोच रिसीव्हर. कृष्णातनंच ते उपसलं. संघप्रियाच्या लॅपटॉपवर ओळ आली: ‘कळफलक निघाला.’

“म्हाराज,” वर्षाराणी म्हणाली, “आता हात भाईर काढून जप करा.”

“जप मोडतो!”

“मोडू द्या की,” कृष्णात पिशवीला हात घालत म्हणाला. “मी चांदी जोडतो, जप बी जोडून देतो.” गोमुखीतनं माळ निघाली नाही. निघाला तळहाताएवढा, अंगठ्यानं दाबायचा कळफलक, भस्मानं माखलेला.

“आबा गेल्यावर हा डबा दुरुस्तीला म्हणून कुणी नेलता?” पृथ्वीराजनं विचारलं. लग्न झाल्यापासून ‘बघू की’शिवाय त्याचं हे पहिलंच वाक्य असावं. विजयसिंह चपला शोधायला बाहेर गेला, आणि एक पाय पावण्याचा घालून पळाला. महाराजांना मात्र गर्दीनं पोलिस येईस्तोवर पाटावर बसवून ठेवलं.

सगळे हसत होते. तानाबाई नव्हती. ती पडद्याजवळ गेली, ‘तानी’ या अक्षरांवर बोट ठेवलं. “म्हंजे त्यांनी कायच लिवलं न्हाय?”

वर्षाराणीला खोटं बोलणं सोपं होतं. एक शब्द पुरला असता. “न्हाय, आत्ती. एक अक्षर बी न्हाय.”

म्हातारीनं पडद्यावरचं बोट काढलं. मग किल्ल्यांचा जुडगा उचलून सुनेच्या कमरेला खोचला. “बरं झालं सांगितलंस. मी दर गुरुवारी त्या भोंदूला विचारत हुते, तुझा काय दोष हाय म्हणून. तू दारातच उभी हुतीस. तुलाच कदी इचारलं न्हाय.”

आता कावळ्यांबद्दल मी काहीही सांगितलं तरी चालेल, पण हे ध्यानात ठेवा. दुःख झालेल्या माणसाला गेलेल्याचा आवाज हवा असतो, आणि तो विकायला कुणी ना कुणी बसलेला असतोच. त्याच्या पाया पडण्याआधी झाकण उघडायला सांगा. उघडू नको म्हणाला, तर मग नक्कीच उघडा. आणि घरातल्या माणसाबद्दल काही जाणून घ्यायचं असेल, तर ते त्या माणसालाच विचारा.