काचेवरची तीट

मी बोलतेय, हरिहरेश्वरजवळच्या लाल सड्यावरून, कातळाच्या उघड्या माळावरून. धूळ मोजायचं यंत्र आहे मी. तीन पाय, वारा मोजायची काठी आणि डोक्यावर रुपयाएवढी काळसर काच. काचेतून ऊन किती आत येतं, त्यावरून धूळ किती बसली ते कळतं.

माझी जुळी बहीण मंगळावर आहे. दोघी एकाच टेबलावर जन्मलो. ती गेली, मी राहिले. तिकडे काही बिघडलं तर माझ्यावर करून बघायचं, एवढ्यासाठी मला ठेवलंय. म्हणून मला कोणी कपाटातून काढलं की समजायचं, तिचं काहीतरी बिघडलंय.

आत्ता तसंच झालं. तिकडे धुळीचं वादळ उठलं आणि बहीण बोलायची थांबली. उन्हावरच जगते ती. शेवटचं बोलली तेव्हा काचेतून फार थोडं ऊन येत होतं.

आमच्या मोहिमेतल्या शास्त्रज्ञ, म्हसळ्याच्या महेरुन्निसा मॅडम मला इथे घेऊन आल्या. इथली माती तिकडच्यासारखी लाल. ती माझ्यावर चाळायची, आणि बहिणीइतकंच ऊन उरलं की थांबून थर बघायचा. थर पातळ निघाला तर वाऱ्याने उडेल, तिला रेडिओवरून हाका मारत राहायचं. जाड निघाला तर हाका बंद, असा वरून हुकूम.

गुरं जवळ येऊ नयेत म्हणून कोळीवाड्यातली केसर राखणीला. कडेवर तिची तान्ही लेक हेतल. केसरचा जीव सारखा टांगलेला. पोर निजली की नाकाशी बोट धरून बघायची. मग काजळाची तीट. एका सकाळी तेच बोट माझ्या काचेवर टेकवलं. "लई लोक बघतात गं तुला," म्हणाली. मला असा हात कोणी लावला नव्हता.

त्या दिवशी थोडीशीच माती चाळली आणि आकडा जुळला. मॅडम ओरडल्याच, "थर पातळ आहे! या अल्ला, वाचली ती!"

मला ठाऊक होतं, ऊन काजळाने अडलंय. मला तोंड नाही. असतं तरी बोलले असते का, कोण जाणे.

केसर मात्र बोलली. "मॅडम, माझ्या तिटीनं काय अडत न्हाय ना?"

"कसली तीट?"

"काचेवर. नजर लागू नये म्हणून."

मॅडमनी वाकून काच निरखली. "अगं बये, उद्या विमानालाही लावशील!"

काच पुसली. पुन्हा चाळणी. चाळतच राहिल्या. मी पार झाकले गेले तेव्हा कुठे आकडा जुळला.

फोन लावता लावता मॅडम पुटपुटल्या, "जाड आहे. संपलं."

"संपलं कसं?" केसर म्हणाली. "हिच्या नाकाशी बोट धरते, कधीकधी वारा लागतच न्हाय. म्हणून काय बोट काढून घेते मी? लागंस्तवर धरते."

मॅडमनी हेतलकडे पाहिलं. मग फोनवर म्हणाल्या, "थर जाड आहे, सर. पण वादळ सरेपर्यंत हाका चालू ठेवा. जबाबदारी माझी."

हाका चालू आहेत. अजून उत्तर नाही. इथे वारा सुटला की माझी काठी थरथरते, आणि मला वाटतं, अशीच एक झुळूक तिच्या काचेवरून जावी.

जाताना केसरने पुन्हा तीट लावली, माझ्या पायाला. "हितं चालतंय ना?"

"चालतं," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या पायालाही लाव. ती हिच्या बहिणीच्या नावाची."

सड्यावर फिरायला आलात तर माझ्यावरची माती खुशाल झटका. तेवढी दुसऱ्या पायाची तीट मात्र पुसू नका.