चौदाव्या मीटरची चौकट

सलग तीन दिवस पहाटेच्या ओहोटीला आम्ही खडकांवर होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात नोंदी वहीत उतरवताना माझा हात थांबला. तीस चौकटी झाल्या होत्या आणि त्यातली एकही रिकामी नव्हती.

आमची पद्धत साधी आहे. भरतीच्या रेषेपासून पाण्यापर्यंत दोरी ताणायची. दोरीच्या कितव्या मीटरला लोखंडी चौकट ठेवायची, ते आधीच चिठ्ठ्या टाकून ठरलेलं असतं. मग चौकटीत जे जिवंत सापडेल ते मोजायचं. मोजायचं काम माझ्या धाकट्या दिरांचं, लिहायचं माझं. खाली सहीही माझीच. मग कागद आमच्या संस्थेच्या प्रमुख मॅडमकडे जातात.

चौदाव्या मीटरला नुसती वाळू आहे, हे मी झोपेतही सांगेन. कागदावर मात्र माझ्याच अक्षरात चौदासमोर एक्केचाळीस गोगलगाई आणि तीन खेकडे, तेही खडकातले.

"भाऊजी, हे खेकडे वाळूत काय करत होते?"

ते खिडकीत बूट वाळत घालत होते. "जरासं सरकवलं असेल. हातभर."

"किती वेळा?"

"वहिनी, तिथे बोटींचा धक्का बांधायला निघालेत. परवा मॅडम आपला अहवाल घेऊन सुनावणीला जाणार. त्यांनी काय वाळू दाखवायची? खडकात जीव आहेत तर आहेत! मी काही खिशातून नाही आणले."

"समोरचे लोक दोरी घेऊन येतील आणि चौदावा मीटर बघतील. मग तुमचे खरे खेकडेसुद्धा खोटे ठरतील. खडक जाईल तो जाईलच."

"तुम्ही तिथेच होतात की. काही बोलला नाहीत ते?"

"सूर्योदयापर्यंत माझं मौन असतं. बारा वर्षं झाली. त्यावरून घरात सगळ्यात जास्त तुम्हीच चिडवता."

"मौन जिभेचं ना? मग हाताने लिहिलंत कशाला?"

राग त्यांचा आला होता, पण तो गिळताना स्वतःचाच जास्त आला. त्यांच्या पायाने चौकट सरकताना मी पाहिली होती. उजाडल्यावर सांगू म्हटलं. उजाडल्यावर दोरी गुंडाळायची होती, मग चहा, मग घरची कामं. असं तीन दिवस राहून गेलं.

तिन्ही कागदांवर तिरकी रेघ मारून मी मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उद्या शेवटची मोठी ओहोटी. किती चौकटी होतील?"

"दहा."

"मला तीस हव्यात."

"दहाच होतील, मॅडम."

"मग दहा आणा," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता पुढचा कागद ओढला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोरीची गाठ सुटता सुटेना. मीटरचे आकडे पहिल्या दिवसाच्या चिठ्ठ्यांचेच घेतले होते. भाऊजी फुगून बसलेले, मी मौनात. पहिल्या चौकटीत शेवाळ आणि दोन शिंपले, दुसरी बरी भरली. तिसरा आकडा चौदा.

चौकट वाळूत टेकली. वीतभर पलीकडे खडकाची कड गोगलगाईंनी काळी झाली होती. भाऊजींच्या बुटाचं टोक हळूच चौकटीला लागलं. पूर्वेला नुसतं फटफटलं होतं.

"चौदा," मी म्हणाले.

ते दचकले. "वहिनी, सूर्य उगवायचाय अजून!"

"चौदा म्हणजे चौदा. पाय काढा."

त्यांनी पाय काढला. गुडघे टेकून वाळू बोटांनी चाळली, पुन्हा चाळली, जणू एखादा खेकडा त्यांची अब्रू राखायला वर येणार होता.

"काही नाही," ते पुटपुटले. "लिहा, काही नाही."

मी शून्य लिहिलं. नेम मोडला होता. ते देवाला मी घरी जाऊन सांगणार होते. इथे अजून सात चौकटी राहिल्या होत्या.

"पुढचा कितवा?" त्यांनी तुसडेपणाने विचारलं.

"एकवीस," मी म्हणाले, या वेळी जरा मोठ्याने.