डिपर

समोरून येणाऱ्या पिकअपने दोनदा हेडलाइटचा डिपर मारला आणि आमच्या सुनेने त्याला हसून हात हलवला. मग निवांतपणे गाडी उजवीकडे वळवली, थेट त्याच्या तोंडासमोर.

ब्रेक असे किंचाळले की मी मागच्या सीटवर डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा पिकअप आमच्या दारापासून हातभर अंतरावर होता आणि त्यातले टोमॅटो चिरगावच्या रस्त्यावर घरंगळत चालले होते. समोरच ह्यांच्या मित्राचं, गोविंदरावांचं घर. ते पायरीवर उभे होते.

नोरा आयर्लंडची. सलीलशी लग्न करून झाशीत आली, ओरछा गेटजवळच्या आमच्या घरात रुळली, पुरणही वाटायला शिकली. गाडी तर तिला तिकडे असल्यापासूनच येते. पण गोरी बाई गाडी चालवतेय म्हटलं की इथे निम्मे लोक फोटो काढतात आणि उरलेले ओरडतात. गेल्या आठवड्यात एक स्कूटरवाला भांडत भांडत आमच्या दारापर्यंत आला. त्या दिवशी तिने मला सांगून टाकलं, "आई, अजून एकदा कोणी ओरडलं, तर मी नाही चालवणार."

आणि तिने चालवणं सोडलं, म्हणजे ह्यांचा रविवार गेला. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून चिरगावला गोविंदरावांकडचा बुद्धिबळाचा डाव हीच ह्यांची चैन. काचबिंदूने दोन्ही बाजूंचं दिसणं खाल्लं, फक्त नाकासमोरचं उरलं. डॉक्टरांनी गाडी बंद केली. बसच्या गर्दीत निभाव लागत नाही आणि सलीलला रविवारी सुट्टी नसते. पण अभिमान बघा, गावभर सांगत सुटले की गुडघा दुखतो. गोविंदरावांनाही तेच.

पिकअपवाला गमछा झटकत उतरला. "दिखता नहीं है क्या, मैडम? हमने डिपर मारा, फिर भी घुस आईं. ऊपर से हाथ हिला रही हैं, जैसे हम बारात लेकर आए हों."

"आपने बोला, आप जाओ," नोरा खिडकीतून म्हणाली. "लाइट से बोला."

"हमने बोला, हम आ रहे हैं, हटो. किसने दे दी इन्हें गाड़ी?"

माणसं जमू लागली. नोराने किल्ली काढली आणि मागे वळून माझ्या मांडीवर ठेवली. "आई, बस झालं."

तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेले हे पलीकडचं दार उघडून उतरले. मला वाटलं, आता भांडण जुंपणार. ऑफिसात चाळीस वर्षं गरीब गाय असलेला हा माणूस रस्त्यावर मात्र कोणाचं ऐकून घेत नाही. बॉनेट चाचपत ते पिकअपवाल्यासमोर जाऊन उभे राहिले.

"भैया, इन्हें सब दिखता है. हमें नहीं दिखता."

पिकअपवाल्याने वाकून ह्यांच्या डोळ्यांकडे बघितलं.

"अगल-बगल का कुछ नहीं दिखता. ये बहू है हमारी. ये न चलाए तो हम घर में पड़े रहें."

हे सगळं खणखणीत आवाजात, भर रस्त्यात. गोविंदराव पायरीवरून ऐकत होते. मला रडू आलं आणि ह्यांचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

"अरे चच्चा, पहले बताना था," तो डोकं खाजवत म्हणाला. मग नोराकडे वळला. "आपके देस में डिपर मारो तो रास्ता मिल जाता है?"

"मिलता है."

"बड़े सीधे लोग हैं. यहाँ मत करना, मैडम, रोज़ मरोगी."

नोरा हसली, तसा तोही हसला. मग आम्ही सगळेच टोमॅटो वेचायला लागलो. हे वाकून चाचपत होते आणि पिकअपवाला मोठ्यांदा सांगत होता, "चच्चा, थोड़ा दाएँ. और दाएँ."

गोविंदरावांनी पट मांडताना एवढंच विचारलं, "गुडघा म्हणाला होतास ना रे, रमाकांता?"

"म्हणालो होतो."

त्यांनी पट ह्यांच्या अगदी नाकासमोर सरकवला. त्या दिवशी हे सपशेल हरले आणि तरी चहा दोनदा मागून प्यायले.

निघताना मी किल्ली नोरासमोर धरली. तिने ह्यांच्याकडे बघितलं, मग किल्ली घेतली. हे पुढच्या सीटवर बसले. गाडी चिरगावातून बाहेर पडल्यावर म्हणाले, "नोरा, डावीकडचं सांगत जा गं. मला दिसत नाही."

"डावीकडे मोहरी आहे, बाबा. खूप पिवळी. एक गाय. एक आजोबा सायकलवर, ते आपल्याकडे बघून हसतात."

ह्यांनी काच खाली केली आणि त्या बाजूला हात हलवला. सायकल केव्हाच मागे पडली होती.