चित्र, रिकामं

कानामात्रा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, म्हणून वाचनालयाच्या कचेरीत त्यांना हे नाव चिकटलं. निवृत्तीनंतर ते तिथे पुस्तकांच्या याद्या लावायला जात. कुणी हाक मारली की आधी दचकत आणि मग ओ देत.

वाचनालयाची वेबसाइट अंधांनाही वापरता यावी, असं वरून फर्मान आलं, तेव्हा ग्रंथपालबाईंनी त्यांनाच गाठलं. "कानामात्रा, प्रत्येक चित्रापाठी एक रकाना असतो. त्यात चित्राचं वर्णन लिहायचं. न दिसणाऱ्यांचा फोन ते मोठ्याने वाचून दाखवतो. तुमचा मराठीत हातखंडा आहे."

इतक्या वर्षांत त्यांना कुणी 'लिहा' असं म्हटलं नव्हतं. 'तपासा' म्हणत. घरी एका वहीत त्यांनी काहीबाही लिहिलं होतं खरं, पण ते कुणाला दाखवायची छाती झाली नाही. आता मात्र ते पाघळले. महिनाभर खपून त्यांनी साइटवरच्या एकूण एक चित्राचं वर्णन लिहिलं. शोधायच्या बटणावर भिंगाचं चित्र होतं. त्यासाठी लिहिलं, 'एक भिंग. मूठ किंचित कललेली, शोधून शोधून दमलेल्या माणसाने मान टेकावी तशी.' दोन मजकुरांमधल्या नुसत्या रेघेलाही त्यांनी सोडलं नाही.

साइट तपासणाऱ्या प्रोग्रामने सगळे रकाने भरलेले पाहून शंभरपैकी शंभर गुण दिले. ग्रंथपालबाईंनी प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. त्यात दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलं होतं, पण कानामात्रांनी त्या दिवशी तिकडे काणाडोळा केला.

आता घरची गोष्ट. त्यांच्या बायकोची नजर तीन वर्षांपूर्वी गेली. एक जाडजूड कादंबरी वाचता वाचता गेली. खूण अजून दोनशे चौदाव्या पानावर होती. पुढे वाचून दाखवायला कानामात्रा होते, पण ते दर दोन ओळींना थांबत आणि "इथे स्वल्पविराम हवा होता" म्हणत. चौथ्या दिवशी बायकोने पुस्तक काढून घेतलं. "अहो, तिचा नवरा मरतोय आणि तुम्ही स्वल्पविराम शोधताय!"

वाचनालयात बुधवारी सकाळी श्रवणवर्ग भरे. बारा खुर्च्या, बारा श्रोते आणि वाचून दाखवणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. तिथे हीच कादंबरी लागणार होती. नोंदणी फक्त वेबसाइटवर. बायकोने निक्षून सांगितलं होतं, "माझं मी करीन. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

गेल्या फेरीत तिने केलंच होतं. म्हणजे करायला घेतलं होतं. नोंदणीचं पान बारा मिनिटांनी आपोआप बंद होई, आणि फोनमधली बाई बाराव्या मिनिटालाही एका बाणाचं कौतुक सांगत होती. बायकोने फोन आपटला.

"रेघेवर प्रवचन, बाणावर प्रवचन! कोण हा शहाणा लिहितो हो तुमच्याकडे?"

"असेल कुणीतरी," कानामात्रा म्हणाले आणि पाण्याचा तांब्या भरायला उठले. तो भरलेलाच होता.

सुदैवाने वर्गाची ती फेरी दुसऱ्याच पुस्तकाची होती. आता खऱ्या कादंबरीच्या फेरीची नोंदणी येत्या सोमवारी होती. कानामात्रांनी दोन दिवस विचार केला. आयुष्यात त्यांचं एवढंच लिखाण चारचौघांसमोर आलं होतं. शेवटी त्यांनी वेबसाइट बांधणाऱ्या गृहस्थाला फोन लावला.

"कामाच्या चित्रांना एकेक शब्द द्या, काका," तो घाईत म्हणाला. "भिंगाला 'शोधा', बास. आणि शोभेच्या चित्रांना रिकामं ठेवा."

कानामात्रांनी ते कागदावर उतरवून घेतलं. त्यांनी दमलेल्या भिंगाला पुसलं आणि 'शोधा' लिहिलं. मग शोभेची चित्रं घेतली. साइटच्या चित्रसंग्रहात सगळी नखाएवढी दिसत होती. रेघा, वेलबुट्ट्या, एक लाल गोल फूल. अशा त्रेचाळीस चित्रांच्या रकान्यांत त्यांनी हुकमाबरहुकूम शब्द टाकला. 'रिकामं.' अनुस्वार न विसरता.

सोमवारी दहाला बायको फोन कानाला लावून बसली. कानामात्रा वर्तमानपत्राआड. पहिल्यांदा तिला स्वतःचाच सभासद क्रमांक आठवेना, मग तो चुकीचा दाबला गेला. पण घड्याळात आठ मिनिटं होतात तोच ती ओरडली, "झालं! अहो, जागा आहे! बाई स्वच्छ म्हणाली, 'श्रवणवर्ग, बुधवार. चित्र, रिकामं. नोंदणी करा.' दाबलं बटण. संदेशसुद्धा आला!"

कानामात्रांचं वर्तमानपत्र खाली आलं. काहीतरी डाचत होतं, पण काय ते सापडेना.

ते बुधवारी सापडलं. वर्गाच्या दाराशी ग्रंथपालबाई यादी घेऊन उभ्या होत्या. बारा खुर्च्या भरलेल्या.

"अहो वहिनी, जागा तर पहिल्या पाच मिनिटांतच संपल्या. मी पानावर नेहमीचा शिक्का नाही का लावला? लालभडक, गोल. 'जागा भरल्या.' तो दिसला की लोक आपोआप मागे फिरतात."

"मला दिसत नाही," बायको शांतपणे म्हणाली. "मला ऐकू येतं. आणि तुमच्या साइटने मला 'रिकामं' म्हणून सांगितलं." तिने फोन पुढे धरला. नोंदणीचा संदेश, क्रमांक तेरा. बटण बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. शिक्का होता ना!

ग्रंथपालबाईंनी संदेश वाचला, मग भिंतीवरच्या शंभरपैकी शंभरकडे पाहिलं, मग कानामात्रांकडे.

कानामात्रांना आता उमगलं. लाल गोल फूल! आयुष्यभर ज्याच्या नजरेतून वेलांटी सुटली नाही, त्याने दोन अख्खे शब्द फूल म्हणून सोडून दिले होते.

"तो... तो शब्द माझा," ते म्हणाले. "चूक माझी आहे. पण तिची नोंदणी चुकीची नाही." आयुष्यात एवढं सलग ते कधी बोलले नव्हते. मग ते कचेरीत गेले आणि स्वतःची खुर्ची उचलून घेऊन आले.

ती मांडली गेली. बायको बसली. ते तिच्यामागे भिंतीला टेकून उभे राहिले. शिक्षिकेने पुस्तक उघडलं आणि पहिल्याच वाक्यात एक स्वल्पविराम गिळला. कानामात्रांनी जीभ दातांखाली धरली.

बायकोने मान मागे वळवली. "अहो," ती कुजबुजली, "तो 'रिकामं' तुमचा, तर मग आधीचं ते चऱ्हाट?"

"तेही माझंच."

तिने मान पुन्हा पुढे वळवली.

"तरीच. हे जास्त चांगलं लिहिलंयत," ती म्हणाली. "आता ऐकू द्या."