लाल काटा चार चाळीसवर

मित्रांनो, माझी किल्ली नदीच्या तळाशी आहे. मी एक जुने, भिंतीवरचे घड्याळ. एकदा किल्ली दिली की आठ दिवस बिनचूक चालणारे, आणि आता थांबलेले. ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर, मोठी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या एका छोट्या गावातील दुकानात मी टांगलेलो आहे.

माझी घडण सॅमन मासे डब्यांत भरणाऱ्या कारखान्यासाठी झाली. ओकची पेटी, पितळेची चाके, आणि नेहमीच्या दोन काट्यांखेरीज हाताने फिरवायचा एक लाल काटा. बंद डबे भट्टीत शिजायला जात. भट्टीचे दार लागले, की त्या क्षणापासून दीड तास मोजून आर्वो कांगास लाल काटा लावत. दार लागण्याआधी त्यांनी तो कधीही लावला नाही. त्या वेळी ते तरुण होते. माझ्याखालच्या बाकापाशी आपले बूट जोडीने काढून ठेवत, रबरी बूट चढवत आणि कामाला लागत. दर सोमवारी नऊ वाजता मला किल्ली देत. सगळे म्हणत, "आर्वो चुकेल, पण घड्याळ चुकणार नाही." मला त्याचा अभिमान वाटे.

पुढे मासे कमी झाले आणि कारखाना बंद पडला. धक्क्याच्या नुसत्या फळ्या उरल्या. मी अनेक वर्षे एका गोदामात धूळ खात पडलो होतो. आर्वोंनी मात्र माझी किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली होती.

गांजाची विक्री कायदेशीर झाली, तेव्हा डोरीन व्हिटलॉक या बाईंनी त्याचे दुकान उघडले आणि मला विकत घेतले. पहिल्याच सोमवारी आर्वो दारात उभे राहिले.

"हे घड्याळ माझं आहे," ते म्हणाले.

"पावती माझ्याकडे आहे."

"आणि किल्ली माझ्याकडे. बोल आता!"

डोरीन हसल्या. तेव्हापासून दर सोमवारी किल्ली आणि कॉफी, असा नेम पडला.

दुकानातील प्रश्न मला पाठ झाले होते. वास घरभर पसरेल का? खाऊन गाडी चालवली तर? विमानातून बहिणीकडे नेता येईल? डोरीन न कंटाळता उत्तरे देत. वास येतो, गाडी अजिबात नाही, विमानात नाही, आणि घरी माल ठेवाल तो कुलपात, नातवंडांच्या हाताला लागणार नाही असा. पण सर्वांत जास्त विचारला जाई तो एकच प्रश्न: "खाल्ल्यावर चढायला वेळ किती?" गांजाच्या अर्काची जेलीसारखी मऊ गोळी पोटातून सावकाश काम करते. काही वाटत नाही म्हणून माणूस दुसरी खातो, आणि मग दोन्ही एकदम अंगावर येतात. म्हणून डोरीन लाल काटा दोन तास पुढे लावत आणि ती वेळ गिऱ्हाइकाच्या कागदी पिशवीवर लिहून देत. तोवर दुसरी गोळी नाही. गावात या पद्धतीचे कौतुक होते, आणि अर्धे कौतुक माझे होते.

एका शनिवारी आर्वो गिऱ्हाईक म्हणून आले. गुडघे दुखत होते, झोप लागत नव्हती. डोरीननी नियमाप्रमाणे ओळखपत्र मागितले.

"अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे मी! सुरकुत्या मोज हव्या तर."

"कायदा सुरकुत्या मोजत नाही, आर्वो. दाखवा."

दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. डोरीननी लाल काटा चार चाळीसवर आणला आणि पिशवीवर वेळ लिहिली. आर्वोंनी माझ्याकडे पाहून डोळा मारला. "तू म्हणशील तसं, म्हाताऱ्या."

मित्रांनो, तो शनिवार होता. शनिवारी आर्वोंसारखी इथली फिनिश वंशाची मंडळी आधी सौनात बसतात. तापवलेल्या लाकडी खोलीत घाम गाळतात आणि मग कॉफी पितात. हे डोरीनना ठाऊक होते. मलाही ठाऊक होते.

सोमवारी नऊ वाजता आर्वोंऐवजी त्यांचे मित्र रूडी आले. टोपी हातात होती.

"गोळी त्यानं सौनातून निघाल्यावर खाल्ली. सव्वाचार वाजून गेले होते. मग घरचं घड्याळ बघत बसला. चार चाळीस झाले, तर म्हणाला, काहीच होत नाहीये, आणि पिशवीवर तर वेळ झालीय. वेळ कारखान्याच्या घड्याळाची आहे, ते मला फसवणार नाही. आणि दुसरी तोंडात टाकली. आणि मी हसलो गं, डोरीन. हसलो आणि घरी गेलो."

डोरीननी गल्ल्याची कड घट्ट धरली. "मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "कधी खाणार, ते मी विचारलंच नाही."

रविवारी सकाळी जुन्या धक्क्याच्या टोकाला आर्वोंचे बूट सापडले होते. जोडीने, नीट ठेवलेले, जसे पाळीच्या आधी माझ्याखाली ठेवत तसे. चौथ्या दिवशी नदीने त्यांना परत दिले. गळ्यात दोरी नव्हती.

त्या सोमवारी मला किल्ली मिळाली नाही. मंगळवारी अकरा वाजून सहा मिनिटांनी मी थांबलो. नवी किल्ली करून देतो, असे कुलूपवाला म्हणाला. डोरीननी नको म्हटले. लाल काटाही त्यांनी हलवला नाही. आता त्या पिशवीवर वेळ लिहीत नाहीत. 'गोळी खाल्ली:' एवढेच लिहून पुढची जागा कोरी सोडतात आणि सोबत पेन्सिलीचा एक तुकडा देतात.

परवा एका बाईंनी विचारले, "ते घड्याळ बंद आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे," डोरीन म्हणाल्या. "तुम्ही घरचं बघा. तोंडात टाकाल तिथून मोजा. इथून नाही."

मित्रांनो, आम्हां घड्याळांना फक्त पुढे जाता येते. मोजणी कुठून सुरू झाली, हे आम्हाला दिसत नाही. ते माणसाने माणसाला विचारायचे असते. माझ्यासारख्या यंत्रावर विश्वास जरूर ठेवा, पण तो एक प्रश्न आमच्यावर सोपवू नका.

उद्या सोमवार आहे. दर सोमवारप्रमाणे नऊच्या सुमारास दाराची घंटा न वाजता कोणीतरी आत येईल. माझ्याखाली बुटांची जोडी ठेवल्यासारखा हलका आवाज होईल, आणि किल्लीच्या भोकाशी ओली, थंड बोटे चाचपडत राहतील.