माझ्या थेंबाचे वजन

मित्रांनो, मी एक जुनी पिपेट आहे. नाव परके वाटले तरी काम साधे. डोक्यावरचे बटण दाबायचे, टोक द्रवात बुडवायचे, बटण सोडायचे. आकडा लावाल तेवढाच थेंब मी उचलते आणि तेवढाच खाली सोडते.

१९९८ साली स्पंजच्या खोक्यात झोपून मी नाशिकच्या एका कॉलेजात आले. "ही कधी चुकत नाही," असे तिथले सर सांगत. खरे सांगते, मला त्याचा थोडा गर्वच झाला होता.

२००७ मध्ये मी सरिताच्या हाती आले. ती दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी, संशोधन करणारी. चांदीचे कण, केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी मावतील इतके बारीक, मेंदूतल्या गाठीच्या पेशींवर टाकले तर काय होते, आणि किती टाकले तर, हे तिला शोधायचे होते. त्या पेशी बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये वाढत. शेजारच्या प्लेटमध्ये निरोगी पेशी. दोन्हींत मी चांदीचे पिवळसर पाणी सोडायचे: कुठे एक मात्रा, कुठे दहा, पंचवीस, पन्नास. एक रांग तुलनेसाठी तशीच ठेवायची.

एका मात्रेने कुणाचेच काही बिघडले नाही. दहाला गाठीच्या थोड्या पेशी मेल्या. पन्नासला दोन्हीकडे सगळ्याच. पण पंचवीसला गाठीच्या पेशी मेल्या आणि निरोगी बहुतेक जगल्या. सरिता सूक्ष्मदर्शकावरून उठली ती हसतच.

"मावशी, या, बघा तरी."

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मंगलाबाई वाकून बघत म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतंय? पण तुझा चेहरा लय खुललाय."

पुण्याची परिषद दोन आठवड्यांवर होती; तिथे सरिता आपले निकाल पोस्टरवर मांडणार होती. मार्गदर्शक कुंदन सर म्हणाले, "एकदा परत करून बघ." त्या दिवशी मी दुसऱ्या वर्गात गेले होते, म्हणून तिने नवी पिपेट घेतली. या वेळी पंचवीसला निरोगी पेशीही निम्म्या मेल्या.

"पहिलाच आकडा लाव ना पोस्टरवर," तिची मैत्रीण रूपाली म्हणाली. "कोण विचारतंय?"

"द्राक्षाच्या घडावर औषध जास्त पडलं तर मणी डागाळतात, तेवढ्यावर भागतं," सरिता म्हणाली. "इथं पुढं माणसाचा मेंदू आहे, रूपाली."

दोन प्रयोगांत फरक फक्त पिपेटचा होता, म्हणून तिने मला शोधून आणले आणि तराजूपाशी बसली. शंभर मायक्रोलिटर पाणी म्हणजे शंभर मिलिग्रॅम वजन. मी पाणी सोडले. तराजू म्हणाला, बहात्तर. पुन्हा सोडले. एकाहत्तर. मित्रांनो, मला तोंड लपवायला जागा उरली नाही. पंचवीस म्हणून मी अठराच सोडत होते.

मंगलाबाईंनी मला खोलले. आतली रबराची कडी मीठ साचून कडक झाली होती. "हिला भरलेली असताना कुणी आडवी ठेवली? खारं पाणी पोटात गेलंय हिच्या."

सरिता त्या कडीकडे बघत म्हणाली, "मीच, मावशी. दिवाळीच्या आधी. बस सुटत होती म्हणून घाईत टाकून गेले."

हेच तिने सरांनाही सांगितले, काहीही न लपवता. मला वाटले, आता माझी रवानगी भंगारात. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग आता मुद्दाम अठराच टाकून बघ की."

मंगलाबाईंनी मला धुतले, नवी कडी बसवली. तराजू म्हणाला, शंभर. मग अठराची मात्रा आम्ही तीनदा टाकली. तिन्ही वेळा गाठीच्या पेशी बहुतेक मेल्या, निरोगी बहुतेक जगल्या. प्लेटमधल्या पेशींपासून माणसाच्या औषधापर्यंत वाट फार लांब आहे, हे सरिताने पोस्टरवर लिहिले. चूक कशी झाली, तेही लिहिले. पुण्यात एका वयस्क शास्त्रज्ञबाईंनी तो भाग दोनदा वाचला आणि विचारले, "ती पिपेट आता कुठं आहे?"

"स्टँडवर, मॅडम. उभी," सरिता म्हणाली, आणि भोवतीचे सगळे हसले. परत आल्यावर हा किस्सा तिने मंगलाबाईंना माझ्यासमोरच सांगितला.

तेव्हापासून दर सोमवारी माझी परीक्षा असते. मित्रांनो, काम झाले की मला उभी ठेवा, माझे पोट कोरडे राहू द्या. आणि मी कितीही भरवशाची वाटले तरी माझ्या थेंबाचे वजन करत जा. मला त्याचा राग येत नाही. उलट तराजूवर शंभर दिसले की त्या दिवशी माझे बटण मलाच जरा हलके वाटते.